हृदयाकडे पाहण्याच्या बारा जागा : हैदराबादचे क्लोरोफॉर्म आयोग आणि ई.सी.जी.चा इतिहास

प्रास्ताविक

हैदराबादच्या वैद्यकीय इतिहासाविषयी लिहिताना दोन गोष्टींचा उल्लेख हमखास येतो. पहिली, उस्मानिया विद्यापीठातील उर्दू माध्यमाचे वैद्यकीय शिक्षण. आणि दुसरी, १८८८ व १८८९ साली येथे नेमले गेलेले क्लोरोफॉर्म आयोग. या दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख बहुधा अभिमानाने होतो. संस्थानी हिंदुस्थानातील एका शहरात झालेल्या प्रयोगांची दखल लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने घ्यावी, ही अभिमानाची बाब आहेच. परंतु या आयोगांचा मुख्य निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला, हे वाक्य मात्र पुष्कळदा गाळले जाते. इतिहासाच्या अध्यापकाला ते गाळून चालणार नाही; कारण खरा धडा त्या वाक्यातच आहे.

प्रस्तुत लेखात तो निष्कर्ष का चुकला आणि हृदयाच्या विद्युतालेखाने, म्हणजे ई.सी.जी.ने, या प्रश्नाचे उत्तर कसे बदलले याचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्याच ओघात ई.सी.जी.च्या बारा 'लीड्स' हृदयाच्या कोणकोणत्या भागांकडे पाहतात आणि त्या बाराच्या संख्येपर्यंत शास्त्र कसे पोहोचले, हेही मांडावयाचे आहे. प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक आहे. त्यामुळे विषयाकडे इतिहास आणि शब्द या दोन अंगांनी पाहिले आहे; रोगनिदान शिकविणे हा लेखाचा हेतू नाही.

श्वास की हृदय?

१८४७ च्या नोव्हेंबर महिन्यात एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा भूल देण्यासाठी उपयोग सुरू केला. अवघ्या काही आठवड्यांत, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. शस्त्रक्रिया अगदी किरकोळ होती. मुलगी क्षणापूर्वी बोलत होती, आणि दोन-तीन मिनिटांत सारे संपले. असे मृत्यू पुढे ठिकठिकाणी नोंदले जाऊ लागले. त्यांत एक साम्य दिसे : रोगी बहुधा धडधाकट असे, शस्त्रक्रिया लहान असे आणि मृत्यू भूल देण्याच्या आरंभीच येई.

या मृत्यूंचे कारण काय, यावर दोन पक्ष पडले. एडिंबरोच्या परंपरेतील शल्यचिकित्सकांचे म्हणणे असे की, आधी श्वास थांबतो आणि त्यामुळे मागाहून हृदय थांबते. म्हणून भूल देणाऱ्याने केवळ श्वासावर लक्ष ठेवावे. लंडनमधील अनेकांचे मत असे की, क्लोरोफॉर्म थेट हृदयावर आघात करू शकतो. म्हणून नाडीवरचे बोट काढू नये. जॉन स्नो यांनी आपल्या १८५८ च्या ग्रंथात हृदयाचा पक्ष मांडला होता. हा वाद निव्वळ पुस्तकी नव्हता. भूल देणाऱ्याने कोठे पाहावे, यावर टेबलावरच्या माणसाचे जगणे अवलंबून होते.

हैदराबादचे दोन आयोग

एडवर्ड लॉरी हे एडिंबरोत शिकलेले शल्यचिकित्सक १८८० च्या दशकात हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख झाले. हे मेडिकल स्कूल १८४६ साली स्थापन झाले होते आणि तेथे आरंभापासून उर्दूतून शिकविले जात असे. लॉरी यांच्या काळात माध्यम इंग्रजी झाले. याच शाळेच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दूनजी पुढे भूलशास्त्रात काम करणाऱ्या जगातील आरंभीच्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक म्हणून ओळखल्या गेल्या. हजारो रोग्यांना क्लोरोफॉर्म दिल्याचा अनुभव लॉरी यांच्या गाठीशी होता आणि श्वासाचा पक्षच खरा, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

१८८८ साली पहिला आयोग नेमला गेला. शंभराहून अधिक कुत्र्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष असा निघाला की, प्रत्येक वेळी श्वास आधी थांबतो. 'लॅन्सेट'ने यावर शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराने एक हजार पौंड देऊ केले आणि 'लॅन्सेट'ने आपला विश्वासू तज्ज्ञ हैदराबादला पाठवावा, असे सुचविले. त्याप्रमाणे औषधिशास्त्राचे नामांकित अभ्यासक टॉमस लॉडर ब्रंटन १८८९ साली येथे आले. ब्रंटन स्वतः हृदयाच्या धोक्याचा पक्ष मानणारे होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. म्हणजे दरबाराने विरुद्ध मताचा परीक्षक आपल्या खर्चाने बोलावला होता. संशोधनाच्या नीतीच्या दृष्टीने ही बाब आजही अनुकरणीय म्हणावी लागेल.

दुसऱ्या आयोगाने कुत्री, माकडे, बकऱ्या, घोडे, मांजरे, ससे अशा चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले. रक्तदाब आणि श्वास यांच्या रेषा, काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर सुईने उमटविल्या गेल्या. ब्रंटन यांचे मत पालटले. क्लोरोफॉर्म हृदयाला थेट मारीत नाही, श्वासच आधी थांबतो, असा अहवाल १८९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

यंत्राला काय दिसत नव्हते?

हा अहवाल लबाडीचा नव्हता, की निष्काळजीपणाचाही नव्हता. प्राण्यांची संख्या मोठी होती, नोंदी काटेकोर होत्या, परीक्षक बाहेरचा होता. तरीही निष्कर्ष चुकला. त्याची दोन कारणे सांगता येतील.

पहिले कारण प्रयोगाच्या मांडणीत होते. आयोगाने प्राण्यांना क्लोरोफॉर्म प्राण जाईपर्यंत, वाढत्या मात्रेने दिला. अशा अतिमात्रेत श्वास आधी थांबतो, हे खरेच आहे. परंतु रोगी दगावत होते ते अर्धवट, हलक्या भुलीत, भीतीने धडधडणाऱ्या छातीने टेबलावर पडलेले असताना. आयोगाने उत्तर दिले ते बरोबर होते. मात्र ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर होते.

दुसरे कारण यंत्रात होते. रक्तदाबाची रेषा हृदयाच्या कामाचा परिणाम दाखविते. पाण्याचा नळ बंद पडला हे घागरीवरून कळते. पंप जळाला, की वीज गेली, की विहीर आटली, हे घागर सांगत नाही. हृदयाच्या स्नायूत काय बिघडले हे पाहण्यासाठी हृदयाच्या विजेकडे पाहणे आवश्यक होते.

आणि योगायोग असा की, ती वीज त्याच सुमारास प्रथम दिसू लागली होती. १८८७ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाची विद्युत् हालचाल शरीराच्या पृष्ठभागावरून, छाती न उघडता, नोंदविली. त्यांचे उपकरण पाऱ्याच्या केशनळीचे आणि फार संथ होते. त्यांच्या आलेखात बारकावे उमटत नसत. दुसरीकडे ॲबर्डीनचे जॉन मॅकविल्यम यांनी १८८७ साली हृदयाच्या निलयाची थरथर, म्हणजे फिब्रिलेशन, प्राण्यांत बारकाईने वर्णिली आणि १८८९ साली, म्हणजे हैदराबादचा दुसरा आयोग काम करीत होता त्याच वर्षी, माणसाच्या अकस्मात मृत्यूमागे हीच थरथर असावी असे सुचविले. या थरथरीत स्नायूचा प्रत्येक तंतू आपापल्या परीने वळवळतो. एकत्र आकुंचन होत नाही. रक्त पुढे ढकलले जात नाही. हैदराबादच्या वादाचे उत्तर असे दोन ठिकाणी विखुरलेले होते, पण ते एकत्र आले नव्हते.

तीन बाजू

लायडनचे प्राध्यापक विलेम आइन्टहोवेन यांनी १९०१ च्या सुमारास तंतू-गॅल्व्हनोमीटर सिद्ध केला. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणलेला अतिशय बारीक तंतू विजेने हलतो आणि त्याची सावली छायाचित्राच्या पट्टीवर उमटते, अशी ही योजना होती. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. रोग्याचे दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवीत. आलेखातील लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावेही आइन्टहोवेन यांचीच. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे 'लीड' या शब्दाविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. विद्यार्थी लीड म्हणजे अंगाला लावलेली तार समजतात. लीड म्हणजे दोन बिंदूंमधील विद्युत् फरकाची नोंद, अर्थात हृदयाकडे पाहण्याची एक दिशा. उर्दूत यासाठी 'ज़ाविया' हा शब्द चपखल बसेल. मराठीत 'पाहण्याची जागा' असे म्हणता येईल. बारा लीड्सच्या ई.सी.जी.त अंगाला दहाच इलेक्ट्रोड असतात : चार हातापायांना, सहा छातीला. दहा तारांतून बारा नजरा निघतात, एवढे एक वाक्य सांगितले तरी पुष्कळ गोंधळ टळतो.

आइन्टहोवेन यांच्या तीन नजरा अशा : उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे ही पहिली, उजव्या हाताकडून डाव्या पायाकडे ही दुसरी, डाव्या हाताकडून डाव्या पायाकडे ही तिसरी. या तिन्हींचा एक त्रिकोण होतो आणि त्याच्या मध्यभागी हृदय असते. हृदयातील विजेची लाट ज्या धन टोकाकडे येते, त्या लीडमध्ये रेषा वर जाते. लाट दूर गेली तर रेषा खाली जाते. पहिली आणि तिसरी लीड यांची बेरीज नेहमी दुसरीएवढी येते, हा हिशेब शाळकरी मुलालाही पडताळून पाहता येतो.

आता हैदराबादचा प्रश्न पुन्हा पाहू. १९११ च्या सुमारास लंडनमध्ये गुडमन लेव्ही यांनी टॉमस लुइस यांच्या सहकार्याने मांजरांवर प्रयोग केले. हलक्या क्लोरोफॉर्मच्या अमलाखाली हृदयाची लय बिघडते आणि निलयाची थरथर सुरू होऊन प्राणी तत्काळ मरतो. ॲड्रिनॅलिन दिल्यास हे हमखास घडविता येते, असे लेव्ही यांनी दाखविले. भ्यालेल्या माणसाच्या रक्तात हेच द्रव्य वाढते. हलक्या भुलीत, किरकोळ शस्त्रक्रियेच्या आरंभी, भेदरलेला धडधाकट रोगी का दगावतो, याचा उलगडा आता झाला. हृदयाचा पक्ष बरोबर होता. आणि अतिमात्रेपुरता श्वासाचा पक्षही बरोबर होता. श्वासावर डोळा ठेवा, ही लॉरी यांची शिकवण वाया गेली नाही. 'केवळ श्वासावरच' यातील 'केवळ' तेवढा घातक ठरला.

तीनांपासून बारापर्यंत

लय बिघडली आहे काय, हे ओळखण्यास बहुधा एक लीडही पुरते. पण विसाव्या शतकात दुसरा प्रश्न पुढे आला : हृदयाचा नेमका कोणता भाग रक्तावाचून मरत आहे? हृदयाच्या रोहिणीत गुठळी झाल्यानेही माणूस काही काळ जगू शकतो, हे जेम्स हेरिक यांनी १९१२ साली शिकागोत मांडले. १९२० साली हॅरल्ड पार्डी यांनी अशा रोग्याच्या आलेखातील विशिष्ट बदल वर्णिला. मात्र हातापायांवरून घेतलेल्या तीन नजरा एकाच उभ्या पातळीतल्या होत्या. घराभोवती डावीकडून, उजवीकडून आणि खालून पाहावे, पण अंगणात समोर कधी उभेच राहू नये, तसे ते होते. हृदयाची पुढची भिंत त्यामुळे नीट दिसत नसे.

ही उणीव छातीवरील लीड्सनी भरून काढली. मिशिगनचे फ्रँक विल्सन यांनी १९३४ साली तिन्ही अवयवांच्या तारा एकत्र जोडून एक मध्यवर्ती संदर्भबिंदू तयार केला. त्यामुळे छातीवरील एकेका बिंदूची स्वतंत्र नोंद घेता येऊ लागली. १९३८ साली अमेरिका आणि ब्रिटनमधील हृदयरोग संघटनांनी छातीवरच्या सहा जागा ठरविल्या. व्ही-१ ही चौथ्या व पाचव्या बरगडीच्या मधल्या जागेत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेला. व्ही-२ तेथेच डाव्या कडेला. व्ही-४ एक बरगडी खाली, गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या मध्यातून उतरणाऱ्या रेषेवर. व्ही-३ या दोहोंच्या मध्ये. आणि व्ही-५ व व्ही-६ त्याच पातळीत काखेच्या दिशेने. १९४२ साली इमॅन्युएल गोल्डबर्गर यांनी हातापायांच्या आणखी तीन लीड्स दिल्या : ए.व्ही.आर., ए.व्ही.एल. आणि ए.व्ही.एफ. तीन, सहा आणि तीन मिळून बारा झाल्या. वॉलर यांच्या पहिल्या आलेखापासून येथवर येण्यास ५५ वर्षे लागली.

कोणती लीड कोठे पाहते?

हा तक्ता विद्यार्थी सहसा घोकून पाठ करतात. प्रत्यक्षात लीड कोठून पाहते हे कळले की, ती काय पाहते हे आपोआप कळते.

दुसरी, तिसरी आणि ए.व्ही.एफ. या पायाच्या बाजूने, म्हणजे खालून पाहतात. म्हणून त्या हृदयाचा तळ दाखवितात. तेथे रक्त बहुतांश माणसांत उजवी रोहिणी पुरविते. व्ही-१ व व्ही-२ दोन निलयांमधील पडद्यासमोर आहेत. व्ही-३ व व्ही-४ डाव्या निलयाच्या पुढच्या भिंतीसमोर. हा प्रदेश डाव्या रोहिणीच्या पुढून उतरणाऱ्या शाखेचा. पहिली, ए.व्ही.एल., व्ही-५ व व्ही-६ या डाव्या बाजूने पाहतात आणि डावी कड दाखवितात. तेथे वळसा घालून जाणाऱ्या शाखेचा वाटा मोठा असतो. ए.व्ही.आर. ही उजव्या खांद्याकडून पाहते. विजेची लाट तिच्यापासून दूर जात असल्याने तिच्यातील रेषा बहुधा उलटी, खालच्या अंगाला असते.

यातून आणखी एक गोष्ट समजते. समोरासमोरच्या नजरांना तेच दृश्य उलटे दिसते. तळाला इजा झाली असता तिसऱ्या लीडमध्ये रेषेचा जो भाग वर उचलला जातो, तोच ए.व्ही.एल.मध्ये खाली दबलेला दिसू शकतो. हे दोन्ही एकत्र दिसले की निदानाला बळकटी येते.

बारा नजरांनाही मर्यादा आहेत. उजवा निलय त्यांना नीट दिसत नाही. त्यासाठी छातीच्या उजव्या बाजूला इलेक्ट्रोड लावावे लागतात. पाठीमागचा भाग पाहावयाचा तर व्ही-७ ते व्ही-९ या जागा पाठीकडे घ्याव्या लागतात. हृदयविकाराचा झटका आलेला असूनही पहिला ई.सी.जी. निर्दोष येऊ शकतो; म्हणून लक्षणे असतील तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात. नावेही अंतिम नाहीत. एम.आर.आय.च्या साहाय्याने हृदयाची प्रत्यक्ष ठेवण पाहिल्यावर, ज्याला पूर्वी 'पाठीमागची' भिंत म्हणत ते नाव बदलावे, अशी शिफारस तज्ज्ञांनी २००६ साली केली.

शब्दांची साक्ष

उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ साली दारुल्-तर्जुमा स्थापन झाले आणि पुढे वैद्यकासह अनेक शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आले. १९४८ पर्यंत या शहरात उर्दूतून वैद्यक शिकविले जात होते. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५६ साली, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. त्यापूर्वी मराठवाड्यातील मुलाला आपल्याच संस्थानात डॉक्टर व्हायचे तर हैदराबादच गाठावे लागे आणि हृदयाचे भाग उर्दूतून शिकावे लागत.

हृदयाच्या वरच्या कप्प्याला उर्दू वैद्यकात 'उज़्न' म्हणतात, म्हणजे कान. मराठीतील जुना शब्द 'कर्णिका', तोही कानावरूनच. खालच्या कप्प्याला उर्दूत 'बतन', म्हणजे पोट. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही 'छोटे पोट' असाच आहे. मराठीने येथे 'निलय', म्हणजे घर, हा शब्द पत्करला. एकच अवयव, एका भाषेला त्यात पोट दिसले, दुसरीला घर. दोन्ही भाषा येणाऱ्या विद्यार्थ्याला तो अवयव अधिक स्पष्ट दिसतो, असा अध्यापनाचा अनुभव आहे.

समारोप

हैदराबादच्या आयोगांचा इतिहास शिकविताना दोन टोके टाळावयास हवीत. केवळ गौरव केला तर पुढे घडलेले शास्त्र झाकले जाते. केवळ चूक दाखविली तर विरोधी परीक्षकाला आपल्या खर्चाने बोलाविण्याची निकोप वृत्ती झाकली जाते. त्या काळच्या संशोधकांनी आपल्याजवळ असलेल्या यंत्राने जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले. त्यांच्या यंत्राला हृदयाची वीज दिसत नव्हती, आणि जे दिसत नाही ते नाहीच, असे त्यांनी मानले. त्या एका पायरीवर निष्कर्ष घसरला.

आपल्या महाविद्यालयांतून विज्ञान व इतिहास यांचे तास अलग भरतात. हा विषय दोन्ही विभागांच्या अध्यापकांनी मिळून घेतला तर विद्यार्थ्यांचा लाभ होईल. फळ्यावर माणसाची आकृती काढावी, तिच्यावर दहा बिंदू मांडावेत आणि प्रत्येक लीड कोठून कोठे पाहते ते मुलांकडूनच बाणाने दाखवून घ्यावे. मग १८८९ च्या आयोगाजवळ यांपैकी किती बाण होते, हा प्रश्न विचारावा. उत्तर 'एकही नाही' असे येईल. त्यानंतर चर्चा व्हावी ती एवढीच की, अशा वेळी अहवालाचे शेवटचे वाक्य कसे लिहायला हवे होते.